खंडाची जमीन आणि सूर्याची वीज

बुंदेलखंडातील शेतकऱ्याला सूर्याची कधीच वाण पडली नाही. वाण पडली ती पाण्याची. झाशी जिल्ह्यात पाऊस थोड्याच दिवसांत पडून जातो आणि ओढ्यांवाटे बेतवा व धसान या नद्यांना मिळतो. येथील शेतकरी जमिनीचे चार प्रकार मानतात. मार व काबर या काळ्या जमिनी ओल धरून ठेवतात; परवा व राकड या तांबूस, हलक्या जमिनी लवकर कोरड्या पडतात. २००४ नंतरच्या सलग अवर्षणाने हा प्रदेश इतका पोळला की, २००९ साली केंद्र सरकारला बुंदेलखंडासाठी विशेष साहाय्य मंजूर करावे लागले.

याच जिल्ह्यातील गरौठा येथे ६०० मेगावॉट क्षमतेच्या सौर उद्यानाची कोनशिला १९ नोव्हेंबर २०२१ रोजी बसविण्यात आली. खर्चाचा अंदाज ३,००० कोटी रुपयांहून अधिक होता. एका मेगावॉटसाठी साधारणपणे ४ ते ५ एकर जमीन लागते. म्हणजे एवढ्या क्षमतेसाठी २,४०० ते ३,००० एकर जमीन हवी. ती कायमची संपादन न करता शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेण्याचा मार्ग येथे पत्करण्यात आला.

खंडाने जमीन देणे ही आपल्याकडील जुनीच रीत होय. तथापि पूर्वीचा खंड एक-दोन हंगामांचा असे. हा खंड एका पिढीचा आहे. पाऊस न आला तरी पैसा येतो, मोकाट गुरांपासून पीक राखण्यासाठी रात्री जागावे लागत नाही आणि मालकीही आपल्याच नावे राहते. कोरडवाहू शेतकऱ्याला हे पटावे यात नवल नाही.

परंतु कराराचा खरा अर्थ त्यातील आकड्यांत दडलेला असतो. महागाई दरसाल ५ टक्क्यांनी वाढत गेली, तर आजच्या १०० रुपयांना ३० वर्षांनंतर केवळ २३ रुपयांएवढेच मोल उरेल. यास्तव वाढीचे कलम नसलेला खंड म्हणजे दरवर्षी झिजणारा खंड होय. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये किंवा जमिनीच्या नोंदणी-मूल्याच्या ६ टक्के, यांपैकी अधिक असेल ती रक्कम आणि तीवर दरवर्षी ३ टक्के वाढ, असा दर ठरविण्यात आला. ही वाढसुद्धा ५ टक्के महागाईच्या मागेच राहील; तरी वाढ मुळीच नसण्यापेक्षा ती बरी.

दुसरा प्रश्न ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचा आहे. बटाईने, म्हणजे अर्धेलीने, शेत कसणारा कुळवाडी आणि हरभऱ्याच्या काढणीला जाणारी मजूर बाई यांची सही करारावर नसते. खंड मालकाला मिळतो. काम मात्र यांचे जाते. कुंपण पडले की गुराखी व शेळ्या-मेंढ्या पाळणारे यांची वाटही बंद होते. तावदानांवरील धूळ धुण्यास पाणी लागते, आणि या प्रदेशात पाणी ही सर्वांचीच गरज आहे.

तिसरा प्रश्न मुदतीनंतरचा. जमिनीत रोवलेले खांब, तारा व काँक्रीट कोणी काढावयाचे आणि कोणाच्या खर्चाने, हे प्रथमच लिहून घेतले पाहिजे. तीस वर्षांनी मालकाचा नातू शेतात उभा राहील, तेव्हा हे तोंडी आश्वासन आठवणारे कोणी असेलच असे नाही.

तावदानांमधील मोकळ्या जागेत पीक घेण्याचे प्रयोग जोधपूरच्या केंद्रीय मरुक्षेत्र संशोधन संस्थेने केले आहेत. झाशीत तर गवत व चारा यांचेच संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९६२ पासून आहे. तावदानांखाली चारा वाढवून तो गावाला कापू दिला, तर गुराख्याचे नुकसान काही अंशी भरून निघेल.

सौर वीज देशाला हवी आहे, याविषयी दुमत नाही. ती किती स्वस्त पडली, याचा हिशेब करताना ज्यांनी आपले शेत तिच्यासाठी मोकळे केले आणि ज्यांचे कामच गेले, त्या दोघांचाही वाटा त्या हिशेबात धरला पाहिजे.