चालताना मोबाइलचे कंपन का कळत नाही?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, सातवी-आठवीच्या मुलांना ‘कंपन’ शिकवताना हा प्रश्न जरूर विचारा. टेबलावरचा सायलेंट फोन घुर्रघुर्र करून सगळ्यांचं लक्ष वेधतो. तोच खिशात घालून चाललो, तर वाजून गेल्याचा पत्ताही लागत नाही. असं का?

थोडे विज्ञान
फोनमध्ये कंपनासाठी एक छोटी मोटर असते. काही फोनमध्ये तिच्या आसाला एका बाजूला जड असलेले वजन जोडलेले असते. ते फिरले की फोन थरथरतो. आपली त्वचा सेकंदाला साधारण 200 ते 300 कंपने सर्वांत चांगली टिपते. पण आपण स्वतः हालचाल करत असताना मेंदू त्वचेकडून येणारे हलके संदेश दाबून टाकतो. त्यात सेकंदाला सुमारे दोन पावले पडतात, प्रत्येक पावलाचा हादरा बसतो आणि सैल कपडा कंपन शोषून घेतो. एखादा ‘घुर्र’ त्यात हरवतोच.

मग जोर वाढवायचा का? त्याने बॅटरी लवकर संपते आणि नुसता जोर वाढवून कोणता संदेश आला हेही कळत नाही. उपयोगी पडते ती लय. अ‍ॅपलचे घड्याळ 2015 साली आले. त्यात रस्ता दाखवताना उजवीकडे वळायचे असेल तर सलग 12 ठोके आणि डावीकडे असेल तर दोन-दोन ठोक्यांच्या तीन जोड्या अशी खूण ठेवली होती. चालताना कोणी बारा मोजत बसत नाही. ‘सलग’ की ‘जोडीजोडीने’, एवढेच ओळखायचे. लेझीम खेळणाऱ्या मुलांना हे लगेच पटेल!

कृती (फक्त मैदानावर)
1. सायलेंट फोन आधी हातात, मग खिशात, मग दप्तरात ठेवा. उभे राहून आणि चालताना प्रत्येकी पाच वेळा रिंग द्या. किती वेळा कळले ते तक्त्यात लिहा.
2. जोड्या करा. पुढचा चालेल, मागचा त्याच्या खांद्यावर बोटाने ठोके देईल. आधी पावलाच्या लयीत, मग भरभर तीन-तीनच्या गटात. कोणते पटकन कळले?
3. ‘थांब’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ यांसाठी मुलांना स्वतः खुणा ठरवू द्या. तीनच ठेवा, जास्त खुणा गोंधळ वाढवतात.

हा खेळ नुसता गमतीचा नाही. रस्ता ओलांडताना नजर स्क्रीनवर गेली की समोरची गाडी दिसत नाही. आणि ज्यांना दिसतच नाही, त्यांचा एक हात पांढऱ्या काठीत आणि कान रहदारीकडे असतात. त्यांच्यापर्यंत सूचना पोहोचायला त्वचाच मोकळी उरते. म्हणून शेवटी मुलांना विचारा, “तुझी खूण डोळे मिटून चालणाऱ्या मित्राला कळेल का?” मैदानावर, हात धरून, एकदा करून बघू द्या. न कळलेली खूण मुलं स्वतःच बदलतील.