तुम्ही चालता आहात, हे मोबाइलला कसे कळते?

बोळिंजहून विरार स्टेशनकडे निघालेल्या माणसाच्या खिशातला मोबाइल त्याची पावले मोजत असतो. खिशात तर अंधार! मग हा माणूस चालतो आहे की रिक्षात बसला आहे, हे मोबाइल कसे ओळखतो?

बस एकदम सुटली की आपण मागे झुकतो ना? मोबाइलमध्येही सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा नाजूक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. धक्का बसला की जडत्वामुळे तो मागे राहतो आणि तो किती सरकला हे विद्युतमंडल मोजते. हा झाला त्वरणमापक. गंमत अशी, की मोबाइल टेबलावर स्वस्थ पडला असला तरी तुकडा स्वतःच्या वजनाने ओढला जातोच; म्हणून तेव्हाही सुमारे ९.८ हा आकडा दिसतो. 'खाली' कुठे, ते यावरून समजते. चालताना आकडे सेकंदाला साधारण दोनदा चढतात-उतरतात. रिक्षातली थरथर वेगळीच.

पण संगणकाला नुसत्या आकड्यांचा अर्थ कसा लागावा? त्याला उदाहरणे द्यावी लागतात. इटलीतील जिनोआच्या संशोधकांनी १९ ते ४८ वर्षांच्या ३० जणांच्या कमरेला मोबाइल बांधला. चालणे, जिना चढणे, उतरणे, बसणे, उभे राहणे, आडवे होणे अशा सहा क्रिया करून घेतल्या आणि सेकंदाला ५० वेळा नोंदी घेतल्या. २.५६ सेकंदांच्या प्रत्येक तुकड्यात १२८ नोंदी आणि त्यावर क्रियेच्या नावाची चिठ्ठी! २१ जणांच्या नोंदींवर शिकवणी, उरलेल्या ९ जणांच्या नोंदींवर परीक्षा. सोडवून दाखवलेलेच गणित परीक्षेत घालून काय उपयोग?

या परीक्षेत संगणक बसणे आणि उभे राहणे यांतच जास्त गोंधळतो. का बरे? पुढे वाचण्याआधी विचार करा. दोन्ही वेळा कंबर जवळजवळ सरळच असते! मोबाइल पँटच्या खिशात असता, तर बसताना मांडीबरोबर तोही आडवा झाला असता.

आता वयाचा आकडा पुन्हा पाहा. माझी सत्तरीतली आई पाय घासत, भिंत धरत चालते. तिच्या पावलांचे धक्के इतके सौम्य, की माझ्या मोबाइलने निम्मी पावलेही मोजली नाहीत. माणूस पडल्यावर घरी निरोप देणारी घड्याळे आता मिळतात. त्यांची खरी गरज म्हाताऱ्यांना. पण 'पडणे' शिकवण्यासाठी जमवलेल्या अनेक नोंदी तरुणांनी गादीवर मुद्दाम पडून दिलेल्या आहेत. म्हातारे माणूस कसे पडते, हे त्यांतून कितपत कळणार?

घरच्या मोबाइलवर 'फायफॉक्स' हे मोफत ॲप घ्या. मोबाइल खिशात ठेवून २० पावले चाला आणि आलेखातील शिखरे मोजा. मग आजी-आजोबांचा हात धरून, मोबाइल त्यांच्याजवळ देऊन, तेच करा. दोन्ही आलेख वहीत शेजारी शेजारी काढा.