‘फर्स्ट कॉपी’ बूट आणि पक्के बिल

बाजारात ज्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात, तो कायद्याच्या नजरेत बनावट मालच होय. असा बूट विकणाऱ्यास व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम १०४ अन्वये ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. ऑनलाइन बाजारपेठांनाही आता हात झटकता येत नाहीत. व्यापारचिन्हाच्या कारणावरून काढून टाकलेला माल जे वारंवार विकायला ठेवतात, त्यांची नोंद ठेवण्याचा प्रयत्न करणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी त्यांच्यावर बंधनकारक केले आहे.

पण जो स्वतःच फसला त्याचे काय? पुरेशी खबरदारी घेतली होती, संशयास कारण नव्हते आणि विचारताच माल कोणाकडून घेतला ते सांगितले, हे सिद्ध करणाऱ्यास त्याच कलमात बचाव आहे. मात्र कच्च्या चिठ्ठीवर, रोखीने उचललेला माल कोणाचा, हे आपण कसे सिद्ध करणार? घाऊक व्यापाऱ्याचे नाव, जीएसटी क्रमांक आणि मालाचे वर्णन असलेले पक्के बिल मागावे. तो टाळाटाळ करील तर माल घेऊच नये, असे आमचे मत आहे.

कारागीर बंधूंनीही सावध असावे. नकली चिन्ह उमटविण्यासाठी ठसा बनविणे किंवा बाळगणे हासुद्धा कलम १०३ खाली गुन्हा असून शिक्षा तेवढीच आहे. ‘ऑर्डर दुसऱ्याची होती’ एवढे म्हणून सुटका होत नाही.