रेणूचा ठसा

नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळलेली तांबडी मिरची दूरदूर जाते. परंतु लोभी व्यापारी तिखटात ‘सुदान’ हा घातक रंग मिसळतो, तेव्हा डोळा फसतो. २००३ साली भारतातून गेलेल्या तिखटात तो फ्रान्समध्ये आढळला.

असा रंग ओळखावा कसा? ओल्या चिखलात बैलाचा खूर उमटतो. चिखल वाळला, की ठसा टिकतो. शास्त्रज्ञही विशिष्ट द्रवात रंगाचे रेणू मिसळून त्यावर प्रकाश पाडतात. प्रकाश लागेल तेवढाच द्रव घट्ट होतो. म्हणून सूक्ष्म नक्षी साधते. मग रेणू धुऊन काढतात. मागे त्यांच्या आकाराच्या खळग्या उरतात. पुढे तिखटातील तसाच रेणू खळगीत बसला, की यंत्राला खूण मिळते.

शेतकऱ्याच्या अस्सल मिरचीचे नाव राखण्यास हे शास्त्र उपयोगी आहे.