संत्र्याचा रस कडू का होतो, आणि घरी कोणतं मशीन घ्यावं



आंबिया बहाराची तोडणी सुरू आहे. व्यापारी बारीक अन् डागी फळ बाजूला काढतो, ते घरीच राहते. मग प्रश्न येतो, रस काढायला कोणतं मशीन घ्यावं? सोबत तक्रार ठरलेली: मिक्सरमधला रस कडू होतो.

कडूपणाचं कारण आधी समजून घ्या, मशीन निवडणं सोपं जाईल. संत्र्याच्या बियांत आणि फोडीच्या पांढऱ्या पडद्यात लिमोनिन या कडू पदार्थाचं मूळ असते. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेते, बिया फोडते, पडदा बारीक करते. रस लगेच प्यायला तर गोड लागतो, पण आंबट रसात लिमोनिन हळूहळू तयार होते आणि तासा-दोन तासांत चव बिघडते. गरम केला तर अजून लवकर. त्यात धोका काही नाही, पण लेकरं ग्लास तसाच ठेवून देतात.

म्हणून ज्यांच्याकडे मुख्यतः संत्रा, मोसंबी, लिंबू आहे त्यांनी हाताने दाबायचं ज्यूसर घ्यावं, हे माझं स्पष्ट मत. फळ आडवं कापा, अर्धी फोड ठेवा, दांडा दाबा. बिया फुटत नाहीत, लाईट गेली तरी काम चालते. फार जोर लावू नका, सालीचं तेल उतरते. ॲल्युमिनियमपेक्षा स्टीलचं बघा, आंबट रस ॲल्युमिनियमला खातो. एक किलो रसदार संत्र्यातून साधारण 400 मिली रस निघतो, त्यावरून आपल्याला किती मोठं लागेल ते ठरवा.

कोल्ड प्रेस ज्यूसर चांगलं आहे, हळू फिरते, गाजर-बीट-डाळिंब सगळं चालते. पण महाग, धुवायला वेळखाऊ, आणि संत्रा सोलून बिया काढूनच टाकावा लागतो. रोज चार-पाच जणांचा रस होत असेल तरच विचार करा. एक महिना वापरून मग माळ्यावर जाणारं मशीन कशाला?

मिक्सर घरी असेलच. केळी, पपई, दही घालून घट्ट पेय करायचं असेल तर तोच पायजे, ज्यूसर तिथे कामाचं नाही. संत्रा करायचाच असेल तर साल, पांढरे धागे, बिया काढा, दोन-तीन झटके द्या, गाळा आणि लगेच प्या. नवीन मिक्सर घेताना आयएसआय मार्क पाहा, आणि जारचं कपलर व पातं तालुक्याच्या दुकानात मिळते का ते आधी विचारा. व्होल्टेज कमी असताना मोटर नुसती गुणगुणत असेल तर बंद करा, जळते.

आता दोन गोष्टी काळजीच्या. सध्या सीताफळही निघते. त्याचा गर मिक्सरमध्ये टाकण्याआधी एकूण एक बी काढा. ती बी विषारी आहे, तिची पूड डोळ्यात गेली तरी इजा होते. आणि दुधीचा रस कडू लागला तर तो संत्र्यासारखा समजू नका. थुंका, सगळा फेका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही असा रस पिऊ नका असं सांगितलं आहे. पिल्यावर उलटी, जुलाब, पोटात कळ सुरू झाली तर घरगुती उपाय न करता दवाखान्यात जा.

रसाला फळ कोणतं? डागी, बारीक चालेल. कुजलेलं, झाडाखाली पडून राहिलेलं, पतंगाने टोचलेलं नको. बागेत फवारणी झाली असेल तर औषधाच्या लेबलवर लिहिलेले काढणीपूर्वीचे दिवस संपेपर्यंत घरच्यांसाठीही फळ तोडू नका. कापण्याआधी वाहत्या पाण्यात चोळून धुवा, कारण सुरी सालीवरचं सगळं आत नेते.

मशीन घेण्याआधी काही विचारायचं असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका, मशीनच्या लेबलचा फोटोही पाठवा.