सखूच्या घरी पांडुरंग काय करत होता?

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक २२ ते २४



या तीन श्लोकांत भगवंत अर्जुनाला सांगतात, तिन्ही लोकांत मला मिळवायचं असं काही उरलेलं नाही, तरी मी काम करतोच. मी थांबलो तर माझं बघून लोकही थांबतील. हे वाचलं की मला कुरुक्षेत्र नाही, कराड आठवतं.

कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं कराड म्हणजे संत सखूचं गाव. पाणी आणायला गेलेली सखू वारकऱ्यांबरोबर पंढरीला निघाली, सासरच्यांनी ओढून आणून बांधून घातली, आणि पांडुरंगानं तिचं रूप घेऊन तिला सोडवलं, ही कथा आपल्याला पाठ आहे. (१९४१ साली प्रभातनं त्यावर चित्रपटही काढला.) पुढचा भाग मात्र आपण पटकन ओलांडतो. सखू पंढरपुरात असताना देव इकडे तिच्या घरचं सगळं काम करत होता. सखूनं तिकडेच देह ठेवला तेव्हा रुक्मिणीला काळजी पडली, आता देव सुटणार कसे? म्हणून तिनं सखूला पुन्हा उठवलं. घरकामात अडकला की बदली माणूस आल्याशिवाय देवसुद्धा सुटत नाही!

आणि बघा, देवानं सखूला 'मदत' केली नाही. "सखू, पीठ कुठे ठेवलंस?" हे विचारायला तो पंढरपूरला गेला नाही. काम अख्खं अंगावर घेतलं.

आता आपण. नोकरी लागली तरी साताऱ्या-सांगलीत आई-बाबांकडेच राहणारे. हेडफोनमध्ये हरिपाठ, आणि चहाचा कप टेबलावर तसाच. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं निघालं, पुरुषांचा ९७. आणि रोज घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात जेमतेम २६. बरं, काहीजण विचारतात, "आई, सांग ना, काय करू?" पण मग लक्षात ठेवायचं काम तिच्याच डोक्यात राहिलं की!

माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत सातारा जिल्ह्यातूनच जाते. समजा, आईला यंदा लोणंदपासून पंढरपूरपर्यंत चालायचंय. निघण्याआधी तिला तुमच्यासाठी फ्रीज भरून ठेवावा लागेल? नळाला पाणी कधी येतं, दुधाचा हिशोब कुठे लिहिलाय, बाबांची रात्रीची गोळी कोणती, हे तिला फोन न करता सांगता येईल?

यातलं एक काम या आठवड्यात पूर्ण आपल्याकडे घ्या, आठवण ठेवण्यासकट. आणि रविवारी आईला विचारा, वारीला जायचंय का म्हणून.