माघ-फाल्गुनांतील हवा आणि वेधशाळेचा अंदाज

माघ महिना निम्मा सरला म्हणजे रब्बीच्या शेतकऱ्याचें लक्ष पिकावरून उठून आभाळाकडे जातें. शाळूचीं कणसें भरलेलीं असतात, हरभऱ्याचे घाटे वाळूं लागतात, गव्हांत चीक धरलेला असतो, आणि कोंकणांत आंबा मोहोरलेला असतो. खर्च सारा होऊन चुकला आहे आणि उत्पन्न मात्र अद्याप घरांत आलेलें नाहीं, असे हे तीनचार आठवडे होत. मासिकांतून पुढील पांच दिवसांची हवा सांगणें शक्य नाहीं; अंक वाचकांच्या हातीं पडेपर्यंत ते दिवस उलटून गेलेले असतील. म्हणून ही हवा कशी बदलते, आणि वेधशाळेकडून येणारा अंदाज कसा वाचावा, एवढ्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

थंडी महाशिवरात्रीस 'शिव शिव' म्हणत जाते, असा आपल्याकडे जुना समज आहे. तो अगदींच टाकाऊ नव्हे. परंतु शिवरात्र ही तिथीवर चालते. ती कधीं फेब्रुवारीच्या मध्यास येते, तर कधीं मार्च लागल्यावर. हवा मात्र सूर्याच्या मार्गानें बदलते. शिवाय या दिवसांत आपल्याकडील हवेंत जो बिघाड होतो, त्याचें मूळ फार दूर असतें. भूमध्य समुद्राच्या बाजूस उत्पन्न होणारे हवेचे क्षोभ इराण, अफगाणिस्तान यांवरून पूर्वेकडे सरकत काश्मीर व पंजाबांत येतात. त्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हिंवाळ्यांत असे चारसहा विक्षोभ एका महिन्यांत येऊन जातात. त्यांपैकीं बहुतेकांचा आपणांस पत्ताही लागत नाहीं. पण एखादा विशेष खोल असला, आणि त्याच वेळीं समुद्रावरून बाष्प घेऊन आग्नेयेचे वारे आंत आले, म्हणजे वरची थंड कोरडी हवा व खालची दमट हवा यांची गांठ विदर्भ, मराठवाडा अगर मध्य महाराष्ट्रावर पडते. मग दुपारीं उन्हानें तापलेल्या जमिनीवरून ढग उंच चढतात व गडगडाट होऊन पाऊस पडतो.

गारा याच दिवसांत कां पडाव्या, असें पुष्कळ जण विचारतात. पावसाळ्यांत ढगांतील गोठणबिंदूची पातळी सुमारें पांच किलोमीटर उंचीवर असते, त्यामुळें गार झाली तरी खालीं येईतों ती वितळून जाते. हिंवाळ्याच्या अखेरीस ही पातळी खालीं असते. ढगांतील जोरदार वारा थेंबांस वर नेतो, तेथें त्यांवर बर्फाचे थरावर थर चढतात, आणि वजन पेलेनासें झालें म्हणजे ती गार तशीच पिकावर येऊन आदळते.

घरबसल्या पाहण्यासारख्या खुणाही आहेत. उत्तरेचा वारा पडून तो पूर्वेकडून अगर आग्नेयेकडून वाहूं लागणें, पहाटेची थंडी एकाएकीं कमी होणें, आणि रात्रीं ढग राहणें, या तीन गोष्टी लागोपाठ दिसल्या तर सावध व्हावें. विक्षोभ पुढें सरकला कीं उत्तरेचा वारा पुन्हां सुरू होतो व दोनतीन दिवसांत पारा उतरतो. निफाडकडील द्राक्षबागाईतदारांस हा अनुभव नवा नाहीं.

आतां अंदाजाविषयीं. हवामान खातें सन 1875 मध्यें स्थापन झालें. त्याचें मुख्य ठाणें 1928 मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें, व 1932 मध्यें तेथेंच डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाताखालीं शेतीच्या हवामानाची स्वतंत्र शाखा निघाली. आज जिल्हावार पांच दिवसांचा इशारा रोज मिळतो, आणि मंगळवारीं व शुक्रवारीं पिकांसंबंधीं सल्ला निघतो. इतकें असून शेतकरी फसतो, तो पुष्कळदां एका शब्दामुळें. 'तुरळक ठिकाणीं पाऊस' असें ऐकून तो 'थोडासा पाऊस' असा अर्थ घेतो. हा अर्थ चुकीचा आहे. तुरळक हा शब्द पावसाच्या मानाचा नसून ठिकाणांच्या संख्येचा आहे. जिल्ह्यांतील चौथ्या हिश्शाइतक्या किंवा त्याहून कमी ठिकाणीं पाऊस होणार असेल तर 'तुरळक', चौथ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत 'कांहीं ठिकाणीं', निम्म्यापासून पाऊणपर्यंत 'बऱ्याच ठिकाणीं', अशी ती वांटणी आहे. ज्या तुरळक गांवीं तो पडेल, तेथें तो मुसळधारही असूं शकेल.

रंगांचेंही तसेंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारींत राहा, तांबडा म्हणजे हातपाय हलवा. काढणीच्या दिवसांत मात्र शेतकऱ्यानें पिवळ्यासच नारिंगी समजावें, असें माझें मत आहे. कारण ताडपत्री आणण्यास तालुक्यास जाऊन यावयाचें म्हणजे एक दिवस मोडतो. गार नेमक्या कोणत्या शिवारांत पडेल हें दोन दिवस आधीं कोणासही सांगतां येत नाहीं. रडारवर ढग दिसल्यावर पुढील तीन तासांपुरती सूचना निघते, तेवढीच.

सन 2014 मध्यें महाशिवरात्रीच्या सुमारास सुरू झालेली गारपीट होळीच्या सुमारापर्यंत राज्यांत कोठें ना कोठें होत राहिली. त्या वेळीं मी तालुका कचेरींत कारकून होतों व पंचनाम्यांचे कागद माझ्या हातांखालून जात. एका शेतकऱ्यानें मजूर मिळाले म्हणून सहा एकर मालदांडी एकदम काढून पेंढ्या रानांतच आडव्या टाकल्या होत्या. अंदाज 'तुरळक'चा होता. शेजाऱ्यानें दोनच एकर काढली होती, पण संध्याकाळपर्यंत कणसें आंत करून बुचाड रचलें होतें. उभ्या पिकाचें नुकसान दोघांच्या शिवारांत झालेंच; पण पहिल्याचा दाणा काळा पडला, आणि कडबाही काळवंडून जनावरें त्यास तोंड लावीनात. कचेरींत तो आला तेव्हां ज्वारीबद्दल फारसें बोलला नाहीं. बैल कसे जगवावे, एवढेंच विचारीत होता.

यावरून मी असा नियम धरतों कीं, इशारा असतां संध्याकाळपर्यंत जेवढें रचून झांकतां येईल तेवढेंच काढावें. हरभरा पूर्ण वाळला असेल तर उपटून ढीग झांकावा. अर्धा हिरवा असल्यास उभाच ठेवावा. चिकांतला गहूं घाईनें कापल्यास दाणा सुरकुततो, म्हणून तो कापूं नये. पण वाऱ्याचा इशारा असतां त्यास पाणीही देऊं नये, भिजल्या जमिनींत तो लोळतो. फवारणी पावसापूर्वीं करणें म्हणजे पैसे धुवून टाकणें होय. ढगाळ हवा दोन दिवस टिकली तर हरभऱ्यांत घाटेअळी, करडईवर मावा, आणि मोहोरावर तुडतुडे व भुरी पाहात जावी. विजा चमकत असतां झाडाखालीं जनावरें बांधूं नयेत.

दुसरा धोका उन्हाचा. सन 2023 चा फेब्रुवारी दुपारच्या उष्णमानांत देशांत 1901 पासूनच्या नोंदींत सर्वांत तप्त ठरला. उशीरां पेरलेल्या गव्हाचा दाणा अशा उन्हानें बारीक राहतो. तेथें पाण्याची पाळी लांबवूं नये.

कचेरींतील अनुभवाची एक गोष्ट सांगून ठेवतों. सरकारी मदतीसाठीं पूर्वीं निम्में पीक जावें लागे. सन 2015 पासून 33 टक्क्यांची मर्यादा आहे. परंतु सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर पंचनामा करणाराही अडतो. ई-पीक पाहणी सन 2021 पासून शेतकऱ्यानें स्वतःच नोंदवावयाची असते. ज्यांची रब्बीची नोंद राहिली असेल त्यांनीं मुदत संपली नाहीं तोंच ती करावी, आणि विमा उतरला असल्यास त्या वर्षाच्या अटी वाचून पाहाव्या, कारण त्या वर्षोवर्ष बदलतात.